मालवणला स्कूबा झालं, पण गिऱ्हाईक म्हणून आम्ही नापास

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हे प्रवासवर्णन नाही, त्यामुळे 'फोटो कुठायत' विचारू नका. फोटो आहेत, पण बघायची इच्छा होत नाहीये.

२६ जानेवारीच्या जोडसुट्टीला आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतले अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून मालवणला गेलो. रात्री नऊला निघालो, पहाटे कोल्हापूर, मग घाट उतरून कोकण. स्कूबाचं (पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं) फोनवर सकाळी आठचं ठरलं होतं. आम्ही किनाऱ्यावर उगवलो पावणेदहाला, कारण मध्ये मिसळ आडवी आली. (नाशिककराने कोल्हापुरात मिसळ खायची आणि 'आपल्यासारखी नाही' म्हणायचं, हा विधी चुकवता येत नाही.) तिथला माणूस एवढंच म्हणाला, "ताई, वारा सुटायच्या आत पाण्यात जायला हवं होतं."

मग घासाघीस. फोनवर पक्का केलेला दर किनाऱ्यावर पुन्हा काढला, 'अकरा जण आहोत, बघा काहीतरी.' त्याने थोडे कमी केले. आम्हाला वाटलं जिंकलो.

मग फॉर्म. प्रत्येकाला एकेक कागद होता: दमा आहे का, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, रक्तदाबाची गोळी, सर्दी, गरोदरपण. उशीर झालाच होता, म्हणून अकराच्या अकरा फॉर्म मीच भरले. सगळ्या रकान्यांत 'नाही'. आमच्यातल्या एका काकांना बीपीची गोळी चालू आहे आणि आठवडाभर सर्दी होती, हे मला माहीत होतं. टेम्पोत त्यांच्या शेजारीच तर बसले होते.

काका खाली गेले. थोडं खाली जाताच कान दुखायला लागला. गाइडने विचारलं (खुणेने), काकांनी अंगठा वर केला. म्हणजे 'मस्त'. गाइडने त्यांना वर आणलं. काका चिडले, 'अरे मी चांगलं म्हणत होतो, तू वर का आणलंस!' पुन्हा खाली. या वेळी कळ सहन होईना तेव्हा त्यांनी गाइडचा मास्कच धरला. वर आले तेव्हा काकांच्या नाकातून थोडं रक्त येत होतं. त्या गाइड मुलाने त्यांना बोटीत घेतलं, पाणी दिलं, शेजारी बसून राहिला. आणि काकांचा पुतण्या काय म्हणाला असेल? "पाच मिनिटंपण झाली नाहीत, निम्मे पैसे परत करा."

तो मुलगा काही बोलला नाही. मान एका बाजूला कलती करून तळहाताने स्वतःचा कान दाबत होता. ते दृश्य डोक्यातून जात नाहीये.

काका ठणठणीत आहेत. आम्हाला डिसेंबरात पुन्हा जायचंय. इथे पाण्यात जाणारे बरेच जण आहेत. स्कूबाच्या सहलीत गिऱ्हाइकाने नीट वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं, सांगाल का? टिप किती द्यायची हेही सांगा, पण ते शेवटी.

सिडकोवाला

काय भो, अंगठा म्हणजे 'मस्त' नसतं का पाण्यात? मी गेल्या वर्षी चार वेळा दाखवला. आता कळलं मला चार वेळा वर का आणलं ते.

गोदातीर

:) तुम्ही आणि काका एकत्र जा.

शिंपला

गोदा, प्रामाणिकपणे लिहिलंस. बऱ्याच जणांना त्यात आपलाच ग्रुप दिसेल.

आधी सिडकोवाल्यांचा अंगठा. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला', खाली म्हणजे 'खाली चला'. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. काही बिघडलंय म्हणायला पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग जिथे दुखतंय तिथे बोट दाखवायचं. एवढ्या चार खुणा. किनाऱ्यावर त्या शिकवतात तेव्हा आपण फोनवर घरी सांगत असतो, 'हो पोहोचलो, हो जेवलो.'

मी ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स) केलाय. त्यानंतर अंदमानात, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला आणि मालवणलाही गेलेय. माझ्या मते तुझ्या सगळ्या गोष्टीत खरी चूक एकच, ती म्हणजे फॉर्म. उशीर, घासाघीस, पुतण्याचं बोलणं हा उद्धटपणा झाला, पण फॉर्मवर खोटं लिहिणं म्हणजे त्या मुलाच्या हातातलं एकुलतं एक हत्यार काढून घेणं. खाली गेल्यावर तो तुमच्याशी बोलू शकत नाही, नाडी बघू शकत नाही, चेहराही मास्कमुळे अर्धाच दिसतो. माणसाबद्दल त्याला जे कळायचं ते त्या कागदावरून. आणि तिथे 'हो' लिहिलं म्हणजे डाइव्ह बंद असंही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा एवढाच अर्थ असतो बऱ्याचदा. बीपी आटोक्यात असलेले लोक डॉक्टरांना विचारून पाण्यात जातातच. पण ती चिठ्ठी नाशिकहून निघायच्या आधी घ्यायची असते, बोटीत चढताना नाही.

पोहण्याचंही तसंच. 'पोहता येत नसलं तरी चालेल' असं पाटीवर असतं आणि पहिल्या अनुभवाच्या डाइव्हला ते खरंही आहे, गाइड धरूनच नेतो. पण म्हणून 'येतं येतं' म्हणायचं नाही. सावरकर तलावात लहानपणी दोन महिने क्लास केला म्हणजे आज पोहता येतं असं नाही. 'पाण्याची भीती वाटते' हे वाक्य किनाऱ्यावर मोठ्याने म्हणणारा माणूस गाइडला सगळ्यात आवडतो. न बोलता पांढरा पडणारा नाही.

बाकीचं नंतर लिहिते, मुलीची शाळा सुटली.

उलटतपासणी

सगळा दोष गिऱ्हाइकाचाच का? मागच्या वर्षी मी एका ठिकाणी (नाव घेत नाही) गेलो होतो. फॉर्म वगैरे काही नाही, माहिती दिली दोन मिनिटं, तीही बोट चालू असताना, इंजिनाच्या आवाजात. 'अर्धा तास' सांगून आठ-नऊ मिनिटांत वर. तोंडात धरायचा तो रबरी भाग आधीच्या माणसाच्या तोंडातून काढून, समुद्रात बुडवून थेट माझ्या तोंडात. आणि व्हिडिओत मी कमी, गाइडच जास्त. आम्ही पैसे मोजतो. आधी त्यांनी सुधारावं, मग आम्हाला शिष्टाचार शिकवा.

शिंपला

उलटतपासणी, तुमची तक्रार रास्त आहे, मी नाकारत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच दोरीची टोकं आहेत. जो माणूस फॉर्म देतो, तो वाचायला वेळ देतो, कंबरभर पाण्यात श्वास घ्यायचा सराव करून घेतो, प्रत्येकाला स्वच्छ रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचा तोच भाग) देतो, त्याला एका ग्रुपला दीड-दोन तास लागतात. त्याचा दर जास्त असणारच. आपण किनाऱ्यावर उभं राहून शेजारच्या तंबूतल्या दराशी तुलना करतो आणि त्याच्याकडून शंभर-दोनशे कमी करून घेतो. ते पैसे तो कुठून काढणार? त्या सरावाच्या वेळेतूनच. तुमची दोन मिनिटांची माहिती तुमच्या आधी आलेल्या घासाघीस करणाऱ्यांनी मिळवून दिलीय.

चांगलं गिऱ्हाईक म्हणजे मुकाट गिऱ्हाईक असंही नाही. बुकिंगच्या फोनवरच विचारायचं: एका गाइडकडे किती जण, गाइडकडे कुठलं प्रमाणपत्र, बोटीवर ऑक्सिजन आहे का, सराव कुठे करून घेता. (सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, दाबून भरलेली. ऑक्सिजन वेगळा, अडचणीच्या वेळेसाठी.) उत्तरं पटली तर सांगितलेला दर द्यायचा. नाही पटली तर फोन ठेवायचा. किनाऱ्यावर वाटाघाटी नकोत.

सातपूरकर

+१. कंपनीत आम्ही व्हेंडरला दर पाडून मागतो आणि मग क्वालिटी रिजेक्ट करतो, तसंच हे.

दांडीकिनारा

मी मालवणचाच. आता नाशिकला अंबडला नोकरीला, पण सहा सीझन बोटीवर होतो, त्यातले चार पाण्याखाली. मालवणीत लिहिलं तर निम्म्यांना कळायचं नाय, म्हणून पुस्तकी लिहितो.

ताईंनी त्या पोराचा कान बघितला, हेच खूप. कोण बघत नाय. गिऱ्हाईक एकदा खाली जातं, एकदा वर येतं. आम्ही दिवसभर खाली-वर, खाली-वर. दर वेळी नाक दाबून, फुंकून कान मोकळा करायचा. तुमच्या काकांनी घाबरून वर झेप घेतली तर आम्हालाही त्यांच्याबरोबर झेप घ्यावी लागते, कारण हात सोडता येत नाय. एका हातात तुमच्या सिलिंडरचा वॉल्व्ह, दुसऱ्या हातात तुमच्या जॅकेटमध्ये हवा भरायचं-सोडायचं बटण. स्वतःचं नाक दाबायला हात उरत नाय. सीझन संपल्यावर कानाचे थेंब आमच्याकडे घराघरात असतात.

आणि उशिराचं. सकाळी समुद्र तळ्यासारखा असतो. दुपारकडे वारा सुटतो, लाट उठते, तळाची रेती हलते, मग हातभरावरचं दिसत नाय. आठच्या बॅचला जो समुद्र मिळतो तो अकराच्या बॅचला पैसे देऊन मिळत नाय. तुम्ही उशिरा आलात की तुमच्यामागचे सगळे उशिरा. शेवटच्या बॅचने मग 'पाणी गढूळ होतं' म्हणून एक तारा द्यायचा, आणि तो आमच्या नावावर.

माशांना पाव टाकायला सांगू नका. व्हिडिओत मासे जमतात म्हणून लोक मागतात, आणि गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून आमची पोरं टाकतात, खोटं कशाला बोलू. पण मासा पावासाठी नाय जन्मला.

सिडकोवाला

भाऊ, मिशीचं सांगा. माझ्या मास्कमध्ये सारखं पाणी येत होतं. मला वाटलं मास्क फुटका दिलाय.

दांडीकिनारा

मास्क बरा होता, मिशी झुपकेदार होती :) मास्कची कड कातडीला चिकटून बसते तेव्हाच पाणी अडतं. मधे केस आले की झिरपणारच. मिशी काढा म्हणत नाय, पण मग थोडं पाणी येणार हे धरून चला आणि मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून कसं काढायचं ते आधी शिकून घ्या. बायांनी केसांच्या बटा पट्ट्याखालून काढायच्या. आणि डोक्याला खोबरेल थापून येऊ नका, पट्टा घसरतो.

कानसेन

टोपणनाव गाण्यामुळे आहे, पण पेशाने कान-नाक-घशाचाच डॉक्टर आहे, तेव्हा राहवत नाही.

नाशिककरांना एका उदाहरणात सांगतो. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला आलो की कानाला दडे बसतात. ही चढण साधारण ३०० मीटरची. हवेच्या दाबात जेवढा फरक त्या अख्ख्या घाटात पडतो, तेवढा पाण्यात हातभर खोलीवर पडतो. हातभर! घाटात आपण जांभई देतो, गोळी चघळतो आणि अर्ध्या तासात जुळवून घेतो. पाण्यात तोच हिशोब दोन सेकंदांत.

समुद्राच्या पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, १० मीटरवर दोन. म्हणजे कानाच्या पोकळीतली हवा तेवढ्यात निम्मी होऊ पाहते. २० मीटरवर तीन, पण तिथे जाताना बदलाचं प्रमाण कमी. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या काही मीटरमध्ये होतो, आणि नवखे लोक असतात नेमके तिथेच. कानाची पोकळी घशाला एका बारीक नळीने जोडलेली असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की ती उघडते. दुखायच्या आधी करायचं, दर हात-दोन हातांवर. दुखायला लागल्यावर जोर लावला तर नळी अजून घट्ट मिटते, पडद्याला इजा होऊ शकते. नाही उघडली तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. तरी नाहीच, तर त्या दिवशीपुरता विषय संपला. यात हार-जीत काही नाही.

सर्दीत हीच नळी सुजलेली असते. काकांच्या नाकातलं रक्त बहुधा सायनसमधलं. घाबरण्यासारखं नसतं, पण टाळण्यासारखं नक्कीच. आणि कृपा करून नाक मोकळं करायची गोळी किंवा स्प्रे मारून खाली जाऊ नका. औषधाचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि ते जास्त वाईट.

दुसरा नियम श्वासाचा: खाली असताना श्वास रोखून धरायचा नाही, कधीच नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, तिला वाट हवी. गाइड हे दहादा सांगतो म्हणून वैतागू नका.

गोदातीर

डॉक्टर, हातभर पाणी = कसारा घाट हे मी काकांना वाचून दाखवलं. ते पाच मिनिटं गप्प होते. हा आमच्या सोसायटीतला विक्रम आहे.

निफाडकर

मी समुद्रात कधी उतरलो नाही, उतरणारही नाही. पण पाहुण्यांबद्दल दोन शब्द.

आमची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत शहरातून लोक येतात, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. आनंदच आहे. पण बागेत शिरलं की पहिला हात घडाला. मण्यावर पांढरट भुकटीसारखा थर असतो, तो बोट लागलं की पुसला जातो. परत येत नाही. खरेदीला येणारा व्यापारी तो घड बघतो आणि बाजूला टाकतो. पाहुण्याला वाटतं, एकच तर घड हातात घेतला फोटोला. चाळीस पाहुणे, चाळीस घड.

अवकाळी झाला त्या वर्षी एक ताई म्हणाल्या, "अरेरे, आमची ट्रिप वाया गेली हो." मी काय बोलणार! माझं तर वर्ष गेलं होतं. मालवणच्या भाऊंनी पाणी गढूळ असल्याचा एक तारा लिहिला तेव्हा मला तेच आठवलं.

शिंपला

निफाडकर, तुमचा घड आणि समुद्रातलं प्रवाळ यांची जातकुळी एकच. प्रवाळ दगडासारखं दिसतं म्हणून लोक धरतात, टेकतात, त्यावर उभं राहून फोटो काढतात. तो जिवंत प्राण्यांचा समूह असतो आणि त्यावरचा पातळ थर हाताने जातो. वाढ इतकी हळू की आपण मोडलेला तुकडा आपल्या नातवंडांच्या वेळेलाही भरून येईल की नाही सांगता येत नाही. शिवाय कायदाही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा 'एक छोटासा तुकडा शोकेससाठी' असं गाइडला विचारूसुद्धा नका. नाही म्हणताना त्याची पंचाईत होते आणि हो म्हटलं तर त्याची भाकरी जाऊ शकते.

सनस्क्रीनबद्दल: हवाई बेटांनी प्रवाळासाठी ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमची विक्री २०२१ पासून बंद केली. आपल्याला सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. बोटीत बसल्या बसल्या पांढरं क्रीम फासायचं आणि दोन मिनिटांत पाण्यात उडी, हे नको.

आणि पाय. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घातलेले पाय सायकल मारल्यासारखे मारू नका. रेती उडते, मागून येणाऱ्याचं दिसणं बंद. खरं तर पहिल्या डाइव्हला पाय मारायची गरजच नसते. गाइड नेतोय तिकडे लोंबकळत जायचं, पालखीत बसल्यासारखं. आपण नाशिककर, रामकुंडात उड्या मारून मोठे झालेलो, आपल्याला हे लोंबकळणंच जमत नाही.

पंचवटीतली मी

कुणी लिहीत नाहीये म्हणून मीच लिहिते. वेटसूट (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) भाड्याचा असतो. तुमच्या आधी कुणीतरी घातलेला आणि तुमच्यानंतर कुणीतरी घालणार. सूट चढवायच्या आधी जाऊन या. एवढंच.

दांडीकिनारा

ताई, तुमका साष्टांग नमस्कार. सहा सीझन हे बोलायचं धाडस माझं झालं नाय. आणि यात गिऱ्हाइकाची सगळी चूकही नाय, थंड पाण्यात शिरलं की लघवी जास्त होते, शरीराचा धर्मच तो. झालंच कुणाकडून, तर निदान वर आल्यावर "हा सूट नीट धुवा" एवढं हळूच सांगा. आम्ही हसत नाय.

उलटतपासणी

बरं, थोडा नमलोय. पण एक सांगा, समुद्र खराब म्हणून त्यांनी ऐनवेळी रद्द केलं तर? आम्ही साडेपाचशे-सहाशे किलोमीटर गाडी हाणून गेलेलो असतो, हॉटेलचे पैसे भरलेले असतात.

दांडीकिनारा

तर आमचीही त्या दिवसाची कमाई गेलेली असते. बंदर खात्याचा धोक्याचा बावटा लागला की बोट सुटत नाय, आणि बावटा नसताना बोटीचा मालक नको म्हणाला तर तो अजून ऐका, कारण तो स्वतःच्या पोटावर पाय देऊन नको म्हणतोय. पावसाळ्यात मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत सगळंच बंद, तेव्हा 'जुलैत स्वस्तात होईल का' म्हणून फोन करू नका. दरवर्षी येतात असे फोन. भरलेले पैसे परत मागा, तो तुमचा हक्क. पण 'आम्ही लांबून आलोय, पाच मिनिटं तरी सोडा' म्हणू नका. कधीतरी कोणतरी सोडतो.

कानसेन

परतीचा एक मुद्दा राहिला. डाइव्हनंतर विमानाचा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोज किंवा अनेक डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबायचं. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला हवा. दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. पण हाच दाब घाट चढतानाही कमी होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, आंबोली त्याहूनही वर. मालवणची सहा-सात मीटर खोलीवरची पंधरा मिनिटांची डाइव्ह असेल तर नायट्रोजन फारच थोडा, काळजीचं कारण नाही. पण ज्यांनी कोर्स केलाय, दोन-तीन दिवस खोल डाइव्ह केल्यात, त्यांनी दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी घाट चढायचा बेत करू नये. गाइडला बेत सांगा आणि विचारा.

शिंपला

हे शेवटच्या दिवसाचं अगदी बरोबर. अंदमानात मी एक कुटुंब पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, आणि दुपारनंतर 'अजून एक डाइव्ह द्याच' म्हणून काउंटरवर भांडण. काउंटरवरची मुलगी शांतपणे नाही म्हणत राहिली. त्यांनी तिच्या तोंडावर तिच्या मालकाला फोन लावला. मालकही नाहीच म्हणाला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं!

गोदा, टिपचं विचारलं होतंस. मी प्रत्येक वेळी वेगळी देते, हिशोब नाही. पण रोख देते, आणि हातात देते.

दांडीकिनारा

आकडा मी सांगणार नाय, मी त्याच पंगतीतला. फक्त एक: पाण्याखाली नेणाऱ्याचा चेहरा तुमच्या लक्षात राहतो, त्याला मिळतं. बोटीवरचा पोरगा सिलिंडर उचलतो, एकेक भरलेला सोळा-सतरा किलोचा, तुमच्या पाठीवर चढवतो, शिडीवर हात देतो, तुम्ही ओकलात तर तोच बादली ओततो. त्याला कोण विचारत नाय. पैसे दोघांत वाटून द्या, किंवा त्याच्या हातात वेगळे द्या.

आणि ओकायचंच असेल तर वारा जिकडे जातो त्या बाजूने. वाऱ्याच्या तोंडावर नको. हे ही शिष्टाचारातच येतं.

सिडकोवाला

हे मी प्रिंट काढून टेम्पोत चिकटवणार.

उलटतपासणी

माझा रबरी भागाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. प्रत्येकाला धुतलेला मिळालाच पाहिजे. पुढच्या वेळी फोनवर विचारीन. आणि दर कमी करा म्हणणार नाही, बास?

शिंपला

बास. पेढे तुमच्याकडून.

गोदातीर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन दिवस लिहायचं राहून गेलं, कारण आधी फोन करायचा होता.

त्या बोटीच्या ऑफिसला फोन लावला. नंबर बिलावर होता. मी म्हटलं, २६ जानेवारीला नाशिकचे अकरा जण आले होते, एका काकांच्या नाकातून... तर पलीकडून तोच मुलगा निघाला. "हां, अंगठेवाले काका!" म्हणाला. म्हणजे मालवणात काकांना टोपणनाव पडलंय. मी फॉर्मचं खरं सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ताई, बीपीचं माहीत असतं तर मी त्यांना दुसऱ्यांदा खाली नेलंच नसतं." बाकी रागावला वगैरे नाही. कान विचारला तर म्हणाला, बरा आहे, तीन दिवस बसलो होतो. तीन दिवस बसलो म्हणजे तीन दिवस कमाई नाही, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. पुतण्याने मागून घेतलेले निम्मे पैसे काकांनी स्वतः परत पाठवले, वर थोडे घालून. पुतण्याला हे माहीत नाही, आणि तो हा धागा वाचत नाही अशी आशा आहे.

काका परवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले (कानसेन, तुमच्याकडे नाही, कॉलेज रोडला). डिसेंबरचं बुकिंग मधल्या वारी केलंय, शनिवार-रविवार नाही. जोडसुट्टी तर नाहीच. आदल्या दुपारी पोहोचायचं, रात्री लवकर झोपायचं, सकाळी पहिली बॅच. ग्रुपमध्ये आता सातच जण आहेत. प्रत्येकाचा फॉर्म प्रत्येकाने भरायचा, मी पेनसुद्धा देणार नाही.

दांडीकिनारा, त्या मुलांसाठी नाशिकहून काय नेऊ? चिवडा चालेल ना?

दांडीकिनारा

चिवडा पळतो ताई, डबा भरून आणा. कोंडाजीचाच पाहिजे असा हट्ट नाय, तिखट असला म्हणजे झालं. फक्त बोटीवर फोडू नका. गेल्या खेपेला एका ग्रुपने फोडला होता, आणि वारा कुठल्या बाजूला जातो ते त्यांना माहीत नव्हतं.